कोल्हापुरी घेताना तळ बघा

दुकानदाराने कोल्हापुरीचा जोड पुढ्यात ठेवला की गिऱ्हाइकाची नजर आधी वेणीवर जाते, मग गोंड्यावर, मग रंगावर. चप्पल उलटी करून तळ बघणारे थोडेच. माझा अस्सल म्हणून घेतलेला एक जोड वळवाच्या पहिल्या पावसातच फुगला. दुरुस्तीला नेला तेव्हा कारागिराने आरीने कड उकलून दाखवली. वरखाली कातड्याचा पातळ पापुद्रा आणि मध्ये भिजून लगदा झालेला पुठ्ठा! टाचेला खिळे होते, त्यांच्यावर रंग फासलेला.

खऱ्या कोल्हापुरीत खिळ्याचं काम नसतं. तळाचे थर एकावर एक ठेवून कातड्याच्याच वादीने शिवतात. तळाला म्हशीचं जाड कातडं लागतं, नाजूक वेणीला बकऱ्याचं. कातडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, त्यात कित्येक दिवस जातात. कापणं, ठोकणं, शिवणं हे बहुतेक पुरुषांकडे. वेण्या आणि नक्षी मात्र घरातल्या बायकांच्या हातची. कोल्हापुरात सुभाषनगर, जवाहरनगर भागात आजही घरोघर हे काम चालतं. इतक्या हातांतून आलेला जोड दोनतीनशे रुपयांत कसा मिळेल, हे गिऱ्हाइकाने स्वतःलाच विचारावं.

कामाचा हा पसारा जुना आहे. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिलं. कापशीचं पायताण गावावरून ओळखलं जातं. बक्कलनाली, पुकारी ही त्याच घराण्यातली नावं. शेताच्या बांधावर चालणारं हे पायताण पुढे मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत जीन्सखाली आलं. अमेरिकेत 1917 साली बाजारात आलेला कॉन्व्हर्सचा बास्केटबॉलचा बूट असाच मैदान सोडून रस्त्यावर उतरला. दोन्हींचा मूळ घाट फारसा बदललेला नाही, आणि मला वाटतं, त्यांचं टिकणं त्यातच आहे.

2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे येतात. त्यामुळे कर्नाटकातल्या अथणीचा जोड म्हणजे नक्कल, हा समज सोडून द्यावा. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत हाच घाट दिसला, पण कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. इकडे संताप उसळल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. कारागिरांकडून 2000 जोड करून घ्यायचे, किंमत जोडीला साधारण 800 युरो. त्यातलं किती सुभाषनगरच्या उंबऱ्यापर्यंत पोचतं, यावर लक्ष ठेवायलाच हवं.

घेणाऱ्याने कड नखाने दाबून पाहावी. थर वेगवेगळे दिसले पाहिजेत, वादीचे टाके तळाला आरपार गेलेले असावेत. वास कातड्याचा यावा. डिंकाचा किंवा रंगाचा दर्प आला तर जोड खाली ठेवावा. नवी चप्पल अंगठ्याला आणि पंजाला लागतेच. रात्री पट्ट्यांना आतून खोबरेल तेल चोळावं आणि आधी घरातल्या घरात वापरावी. भिजली तर उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये, कातडं तडकतं. सावलीत, वाऱ्यावर सुकू द्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली की बुरशी धरते, त्यापेक्षा वर्तमानपत्राचा कागद बरा. वादी तुटली तर खिळा मारून घेऊ नये, कारागिराकडून नवी घालून घ्यावी.

आणि खरेदी पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला करावी. पुढचा पाऊस येईपर्यंत सात-आठ महिने कोरडे मिळतात, तेवढ्यात कातडं पायाला बसतं.