टाकीला सुट्टी नसते

मित्रांनो, 'हॉलिडे' म्हटलं की आपल्याला काय आठवतं? एसटीचं रिझर्व्हेशन, बंद मेस आणि घरचं जेवण! पण कोटिंगच्या धंद्यात हा शब्द ऐकला की सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या पडतात. कोटिंग करताना एखादी जागा सुटली, सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं, की त्याला 'हॉलिडे' म्हणतात. जणू ब्रशने तिथे सुट्टी घेतली! गेल्या उन्हाळ्यात एका डिस्टिलरीच्या साइटवर इनप्लांट ट्रेनिंग करताना मी हा शब्द शिकले. कसा शिकले ते शेवटी सांगते, कारण त्यात माझी चूक आहे.

सांडपाणी कसलं?

साखर कारखान्यातली मळी आंबवून तिच्यापासून अल्कोहोल काढतात. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर सांडपाणी उरतं. त्याला स्पेंट वॉश म्हणतात. हे पाणी गडद तपकिरी, कढत आणि आंबट असतं (पीएच ४ ते ४.५). घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २००-३०० मिलिग्रॅम असतो, तर स्पेंट वॉशचा ४०,००० च्या पुढे. आपल्याकडच्या तापमानाला नदीच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. आता भागाकार करून बघा. एक लिटर स्पेंट वॉश सुमारे ५,००० लिटर पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकू शकतो! कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलांना 'मळीमिश्रित पाणी' आणि 'मृत माशांचा खच' हे शब्द पेपरात वाचून पाठ झालेत. त्यामागचं गणित हे असं आहे.

म्हणूनच केंद्र सरकारच्या २००३ च्या 'क्रेप' कार्यक्रमात डिस्टिलऱ्यांना शून्य विसर्गाचं लक्ष्य दिलं गेलं. म्हणजे पाणी आवारातच जिरवायचं. आधी बंद टाकीत, हवेशिवाय जगणाऱ्या जीवाणूंकडून त्याचं पचन करून घ्यायचं आणि मिळणारा बायोगॅस बॉयलरला जाळायचा. उरलेलं पाणी आटवायचं, नाहीतर प्रेसमडमध्ये मिसळून खत करायचं. या सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ती टाकी.

टाकी केवढी?

समजा रोज ३०,००० लिटर अल्कोहोल बनतं आणि लिटरमागे १० लिटर स्पेंट वॉश निघतो. म्हणजे दिवसाला ३०० घनमीटर. पचनाला १५ दिवस धरले तर ४,५०० घनमीटर. २४ मीटर व्यास आणि १० मीटर उंचीच्या टाकीत एवढं मावतं.

पत्रा किती जाड हवा? सेकंड इयरचा हूप स्ट्रेस आठवा (ज्यांचा तो विषय राहिला होता त्यांनीसुद्धा!). तळाशी दाब साधारण ०.१ मेगापास्कल. स्टीलला १५० मेगापास्कल ताण चालेल असं धरलं, तर दाब गुणिले व्यास भागिले दुप्पट ताण, उत्तर येतं ८ मिलिमीटर. बोल्टची छिद्रं, वारा, भूकंप हे हिशोब वेगळे. आता गंजून यातले २ मिलिमीटर गेले, तर तोच ताण २०० वर पोचतो. सगळ्यात खालच्या रिंगवर सगळ्यात जास्त दाब असतो, हे लक्षात ठेवा.

गंज कुठे चढतो?

मला वाटायचं, जिथे पाणी तिथे गंज. पण पचन नीट चालू असलेल्या टाकीत पाण्याचा पीएच ७ च्या आसपास येतो. खरा त्रास वर, वायूच्या जागेत होतो. स्पेंट वॉशमधल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. छताला आतून जमलेल्या दवात तो विरघळतो. जिथे थोडीशी हवा शिरते तिथे थायोबॅसिलस गटातले जीवाणू त्याचं चक्क सल्फ्युरिक ॲसिड करतात. म्हणजे टाकीच आपल्यासाठी ॲसिड बनवते!

काचेचा कोट

यावर एक उपाय म्हणजे इपॉक्सी कोटिंग आणि दुसरा म्हणजे काच. आजीच्या घरी निळ्या कडेचा पांढरा एनॅमलचा मग असतो ना, तेच तंत्र. पत्रा आधी कापून, भोकं पाडून, शॉट ब्लास्टिंगने साफ करतात. त्यावर काचेच्या भुकटीचा पातळ लगदा फवारतात आणि ८०० अंश सेल्सियसच्या वर भट्टीत भाजतात. काच वितळून स्टीलला घट्ट धरते. थंड होताना स्टील काचेपेक्षा थोडं जास्त आकसतं, त्यामुळे काच दाबाखाली राहते. काच ताणली की तडकते, पण दाब मात्र चांगला सोसते. या कोटाची जाडी किती? मिलिमीटरचा तिसरा हिस्सा!

अशा पत्र्यावर साइटवर वेल्डिंग करता येत नाही, काच फुटते. म्हणून पत्रे बोल्टने जोडतात, मध्ये सीलंट भरतात. सगळ्यात वरची रिंग आधी जोडतात, जॅकने उचलतात, मग तिच्याखाली पुढची. तळाची रिंग सगळ्यात शेवटी.

सुईएवढं छिद्र

आजीच्या मगाचा टवका उडाला की नेमकी तेवढीच जागा गंजते. टाकीतही तसंच. त्यात आतला एखादा उघडा स्टेनलेस स्टीलचा पाइप विजेच्या दृष्टीने टाकीच्या पत्र्याला जोडलेला असेल, तर मोठा कॅथोड आणि इवलासा ॲनोड अशी जोडी जमते. सगळा गंज त्या एकाच छिद्रातून खोल जातो. उघडा पत्रा सगळीकडून हळूहळू झिजला असता, इथे सरळ भोक पडतं. म्हणून हॉलिडे टेस्ट करतात. आतून विजेचा ब्रश फिरवायचा, छिद्र असेल तिथे ठिणगी उडते आणि बझर वाजतो.

आता माझी चूक. शेवटच्या दिवशी तळाच्या रिंगची टेस्ट माझ्याकडे होती. टाकीच्या आत मे महिन्याचं उकडत होतं, साडेपाचची गाडी गाठायची होती. तीन पत्रे राहिले. आधीच्या एकाही पत्र्यावर बझर वाजला नव्हता, म्हणून मी वहीत त्या तिघांसमोरही 'ठीक' लिहून टाकलं. फिटर मामा आवराआवर करत होते. म्हणाले, "ताई, तिकडचे तीन ऱ्हायले न्हवं?" मी म्हटलं, "मामा, सगळे सारखेच आहेत." ते म्हणाले, "पाण्याला सगळे पत्रे लागत न्हाईत. एकच भोक लागतंय."

गाडी चुकली. दुसऱ्याच पत्र्यावर बझर वाजला. जॅक लावताना पाना घासून गेला असावा, नखाएवढा टवका होता. पत्रा बदलला. मी वहीतलं पान खोडून नव्याने लिहिलं आणि खाली सही केली. तेव्हा माझा हात थरथरत होता.

मित्रांनो, जर्नलमधली रीडिंग्ज आपण सगळेच कधी ना कधी 'जुळवून' आणतो. परीक्षेत ती खपतातही. पण त्या टाकीच्या पलीकडे ओढा आहे, ओढा नदीला मिळतो आणि नदीवर गावं पाणी पितात. त्यामुळे पुढच्या वेळी न घेतलेलं रीडिंग लिहायला पेन उचललंत, तर एवढंच आठवा: आपल्याला सुट्टी असते, टाकीला नसते!