ड्रममधलं लिंबू आणि नाशिकची थंडी

प्रश्न : गच्चीवरच्या ड्रममध्ये कागदी लिंबाचं दोन वर्षांचं झाड आहे. डिसेंबरपासून पानं पिवळी पडून गळताहेत. खत वाढवू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खत आत्ता अजिबात नको. माती 12-13 अंशांखाली गेली की लिंबाची मुळं जवळजवळ थांबतात. समोर अन्न असूनही उचलत नाहीत. जमिनीतल्या झाडाला खालच्या मातीची ऊब असते, ड्रमला मात्र चहूबाजूंनी वारा झोंबतो. म्हणून आधी ड्रमला जपा. त्याला गोणपाट गुंडाळा, खाली विटा द्या, मातीवर पालापाचोळा पसरा, पण बुंध्यापासून चार बोटं दूर. भिंतीच्या दक्षिण अंगाला सरकवलात तर उत्तमच. दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब देते.

निफाडला पारा 5 अंशांखाली उतरतो तेव्हा द्राक्षबागायतदार पहाटे ठिबक चालवतात, शेकोट्या पेटवतात. ड्रमला हा पाण्याचा उपाय लावू नका. बोटभर खोल माती सुकली असेल तरच, ऊन आल्यावर पाणी द्या. गारठ्यापेक्षा मुळं कुजूनच कुंडीतली लिंबं जास्त गेलेली मी पाहिली आहेत.

फार गारठा असेल त्या रात्री जुनी सुती चादर टाका, सकाळी काढा. छाटणी आणि शेणखत फेब्रुवारीत, नवी पालवी दिसल्यावर.