सडक आणि वन्य प्राणी : सृष्टिनिरीक्षणाचा एक पाठ

डांबरी सडक माणसांची गावे जोडते. परंतु ससा, कोल्हा, काळवीट यांच्या दृष्टीने तीच सडक रान दुभंगून टाकते. चारा एका बाजूस, पाणवठा दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये भरधाव वाहने. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग आपल्या जिल्ह्यातून मांजरसुंबा, बीड, गेवराई असा जातो. त्यामुळे चिरडलेले जनावर मुलांनी पाहिलेले असतेच. ते तेथे का आले, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच निघतो.

दिवसभर तापलेले डांबर सूर्यास्तानंतर उशिरा निवते, म्हणून साप उबेसाठी त्यावर येऊन पडतात. पहिल्या पावसानंतर बेडूक पाण्याकडे निघतात. सडकेचेच खळे करून पसरलेले धान्य टिपण्यास पाखरे उतरतात. (ही चाल आपल्याकडे सर्रास आहे, मुलांशी त्याविषयी मोकळेपणाने बोलावे.) मेलेले जनावर खाण्यास मुंगूस येते आणि तेही चाकाखाली सापडते. रात्री दिव्यांच्या झोताने डोळे दिपलेला ससा जागीच थबकतो.

यावर उपाय आहे. नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागात, सडक ठिकठिकाणी उंच उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ साली अशा ९ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावले. तेव्हा १८ जातींच्या वन्य प्राण्यांची ५,४५० छायाचित्रे मिळाली व ११ निरनिराळे वाघ ओळखता आले. कारण दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात. अशी वाट जनावरांच्या नेहमीच्या येण्याजाण्याच्या ठिकाणीच हवी. भलत्या जागी बांधलेला पूल कितीही भक्कम असला तरी ओस पडतो.

ही नेहमीची ठिकाणे गावकऱ्यांना ठाऊक असतात. मुलांनी गुराखी व वडीलधाऱ्या मंडळींना विचारून गावाच्या नकाशावर ती दाखवावी; ओढ्यावरील मोऱ्यांच्या जागाही नोंदवाव्यात, कारण लहान प्राणी मोरीतूनही ये-जा करतात. मोरीजवळच्या ओल्या मातीतील ठसे शिक्षकांनी सोबत राहून दाखवावेत. मुलांना महामार्गावर मात्र मुळीच नेऊ नये.

नोंदी तपासताना एक सावधगिरी बाळगावी. कावळे व कुत्री लहान कलेवरे पहाटेच उचलून नेतात. त्यामुळे मोजणी प्रत्यक्षाहून कमीच भरते. आणि ज्या सडकेवर एकही जनावर मेलेले आढळत नाही, तेथे कदाचित जनावरांनी सडक ओलांडणेच सोडलेले असते.