वाघाची मावशी आणि कच्चं चिकन

डिसेंबर २०२४च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारीच्या सुरुवातीला अहवाल आला: एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. संशय खाद्यातल्या कोंबडीच्या मांसावर गेला. त्याच सुमारास नागपूरच्या शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही हाच विषाणू सापडला. मांजर वाघाची मावशी, असं आपण कौतुकानं म्हणतो. हा विषाणूही ते नातं ओळखतो.

ठाणे-डोंबिवलीत नुकतंच पिल्लू घरी आणलेल्यांसाठी ही बातमी लांबची नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये ठाणे जिल्ह्यातल्याच शहापूर तालुक्यात, वेहळोलीला, शंभरेक कोंबड्या मेल्या. तिथेही एच५एन१च निघाला आणि आसपासच्या हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. पूर्वी पशुवैद्याला विचारलं जायचं, "दूध-पोळी चालेल ना?" आता त्या जोडीला दुसरा प्रश्न येतो: "पिल्लाला हळूहळू कच्च्या मांसावर आणायचंय, कसं आणू?" विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांपेक्षा ताजं मांस बरं, असं त्याला मनापासून वाटतं. तरीही उत्तर आधी आणि स्पष्ट द्यायला हवं: वर्षाच्या आतल्या पिल्लाला घरी केलेला कच्चा आहार देऊ नये. मांस जरूर द्यावं, पण शिजवून, आणि निव्वळ मांसावर वाढवू नये.

कच्च्या आहाराच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र शंभर टक्के खरं आहे. मांजर पूर्ण मांसाहारी आहे. गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणं तिच्या शरीराला जमत नाही, ते तिला प्राण्यांकडूनच मिळवावं लागतं. टॉरिन नावाचा घटकही तसाच. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते हे १९७५मध्ये कळलं आणि हृदय फुगून निकामी होतं हे १९८७मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन यांच्या अभ्यासातून. त्याच्या कितीतरी आधी, १९३२ ते १९४२ या काळात, फ्रान्सिस पॉटेंजर या अमेरिकी डॉक्टरनं मांजरांच्या एका गटाला कच्चं आणि दुसऱ्याला शिजवलेलं मांस देऊन पाहिलं होतं. शिजवलेल्यावरची मांजरं पिढीगणिक खंगत गेली. कच्च्या आहाराचे समर्थक आजही हा दाखला देतात. पण टॉरिन मांजराला अत्यावश्यक असतं, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. शिजवताना ते पाण्यात उतरतं. पाणी ओतून दिलं की तेही गेलं. म्हणजे शिजवण्यात जे हरवतं ते भरून काढता येतं, आणि त्याचा सोपा मार्ग पुढे येईलच.

"रानात कोण शिजवून देतं?" हा दुसरा युक्तिवाद. रानातली मांजर उंदीर खाते आणि तो अख्खा खाते: हाडांसकट, काळजासकट, आतड्यांसकट. आपण दुकानातून आणतो तो बोनलेसचा गोळा. शंभर ग्रॅम कोंबडीच्या मांसात फॉस्फरस दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो, आणि कॅल्शियम? जेमतेम दहा. वाढत्या पिल्लाला ही दोन्ही साधारण सारख्या प्रमाणात लागतात, कॅल्शियम किंचित जास्तच. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. बाहेरून काहीच कळत नाही. पिल्लू आवडीनं खातं, अंगावर चमक असते, घरचे खूश असतात. मग काही आठवड्यांनी ते सोफ्यावर चढायचं टाळतं. उचललं की ओरडतं. एके दिवशी हातभर उंचीवरून उडी मारतं आणि मागचा पाय मोडून बसतं.

अशा पिल्लाचा एक्स-रे एकदा पाहिला की विसरता येत नाही. निरोगी पिल्लाची हाडं काळ्या फिल्मवर पांढरीशुभ्र, ठळक कडांची उठून दिसतात. इथे हाड कुठे संपतं आणि मांस कुठे सुरू होतं तेच कळत नाही. सगळं एकाच करड्या रंगाचं. मांडीचं हाड तुटलेलं नसतं, ओल्या पुठ्ठ्यासारखं दुमडलेलं असतं. वेळीच आहार बदलला तर हाडं पुन्हा भरतात. पण कमरेचं हाड दबून वाकडं झालं असेल तर शौचाची वाट अरुंद होते आणि तो त्रास जन्मभर राहतो. हे दुखणं पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून त्याबद्दल इतकं सविस्तर.

मग कलेजी वाढवली तर? थोडी चांगली, रोज भरपूर वाईट. अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं आणि महिनोन्‌महिने तसं चाललं तर मानेचे मणके एकमेकांना जखडतात. मासळीचंही तसंच. मासेवालीकडून आणलेली मांदेली-बांगडा शिजवून, काटे काढून, कधीमधी द्यायला हरकत नाही. पण काही जातींच्या कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. रोज त्यांच्यावरच राहिलेल्या मांजराची मान छातीकडे झुकते, तोल जातो, झटके येतात.

आता जंतूंचं. "आमच्या समोर कापून देतो, एकदम ताजं," असं लोक विश्वासानं सांगतात. नाक्यावरच्या चिकनच्या दुकानात दोन मिनिटं उभं राहून पाहावं. पिसं काढायचं फिरतं पिंप एकच, लाकडी ओंडका एकच, सुरा एकच, पाण्याची बादलीही एकच. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू धडधाकट कोंबडीच्याही आतड्यात असतात. एका कोंबडीचं आतडं फुटलं की पुढच्या दहांना ते लागतात. मांस ताजं असल्यानं ते नाहीसे होत नाहीत. आणि आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण साधारण दीड ते चार महिन्यांच्या दरम्यान ओसरत जातं. लसीकरण पुरं झालेलं नसतं आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण हा प्रयोग करायला निघतो.

फ्रीझरवर भिस्त ठेवू नये. गोठवल्यानं टॉक्सोप्लाझ्मासारख्या परजीवींचा बंदोबस्त होतो, जिवाणू आणि फ्लूचा विषाणू मात्र थंडीत नुसते निपचित पडून राहतात. डिसेंबर २०२४मध्येच अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एक घरातच राहणारी मांजर बर्ड फ्लूनं मेली. तिच्या गोठवलेल्या कच्च्या खाद्यात तोच विषाणू सापडला. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचलं की हा विषाणू मरतो आणि साल्मोनेलाही. घरचा प्रेशर कुकर त्याच्या कितीतरी पुढे जातो.

इथला दिनक्रमही विचारात घ्यावा. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणारं माणूस पिल्लाच्या वाटीत खिमा टाकून निघतं आणि परत येतं रात्री आठला. मे महिन्याच्या उकाड्यात कच्चं मांस दोन तासही बाहेर ठेवू नये, मग बारा तासांचं काय? दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद राहिली तर फ्रीजमधलाही भरवसा नाही. शिवाय पिल्लू खाऊन झाल्यावर पंजे चाटतं, ओट्यावर चढतं, आजीच्या मांडीवर झोपतं. वन बीएचकेत सगळे एकाच खोलीत असतात. घरात तान्हं बाळ, गर्भवती, म्हातारं माणूस किंवा केमोथेरपी घेणारं कोणी असेल तर कच्च्या मांसाचा विचारही नको. गर्भवतीनं मांजर सोडून द्यायची मात्र काहीच गरज नाही. लिटर दुसऱ्या कोणीतरी रोजच्या रोज साफ करावं, कारण विष्ठेतली टॉक्सोप्लाझ्माची अंडी रोगकारक व्हायला किमान एक दिवस लागतो.

मग नव्या पिल्लाला द्यायचं काय? पहिले दहा-पंधरा दिवस ते जिथून आलं तिथं जे खात होतं तेच. घर बदललं, आई सुटली, त्यात अन्नही बदललं तर जुलाब ठरलेले. त्यानंतर वाढत्या पिल्लांसाठीचा संपूर्ण आहार, असं लिहिलेलं खाद्य जुन्यात मिसळायला घ्यावं: आधी चौथा हिस्सा, तीन दिवसांनी निम्मं, आणखी तीन दिवसांनी पाऊण. शौच पातळ झालं तर एक पायरी मागे यावं. पाकिटात ओलं खाद्यही मिळतं. कोरडं आणि ओलं दोन्ही लहानपणीच चाखवलेलं बरं, नाहीतर मोठेपणी मांजर एकाच पाकिटावर अडून बसते. दूध लागत नाही, पाणी लागतं. उरलेला रस्सा तर कधीच नको. त्यातला कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो.

वरून मांस द्यायचंच असेल तर कोंबडीच्या मांडीचे तुकडे आणि थोडं काळीज-हृदय मीठ-हळदीशिवाय, अगदी कमी पाण्यात शिजवावं आणि ते पाणीही वाटीतच घालावं. टॉरिन त्यातच उतरलेलं असतं. हाडं आठवणीनं काढावीत, शिजलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे पडतात. हे मांस दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापर्यंतच ठेवावं. सगळाच आहार घरचा हवा असेल तर कॅल्शियम, टॉरिन आणि जीवनसत्त्वं किती घालायची ते पिल्लाचं वजन पाहून पशुवैद्याकडून लिहून घ्यावं. अंड्याच्या कवचाची पूड अंदाजानं टाकणं म्हणजे एक चूक निस्तरायला दुसरी करणं.

आणि ज्यांनी आधीच कच्चं सुरू केलंय त्यांनी घाबरून एका रात्रीत सगळं तोडू नये. मांस उद्यापासून शिजवावं, पिल्लांचं खाद्य त्यात आठवडाभर वाढवत न्यावं आणि पुढच्या लसीच्या वेळी किती दिवस काय दिलं ते डॉक्टरांना मोकळेपणानं सांगावं. लंगडणं किंवा उचलताना ओरडणं दिसलं तर लसीच्या तारखेची वाट पाहू नये. पिल्लानं दिवसभर काहीच खाल्लं नाही, शौचात रक्त आलं, ताप येऊन डोळ्या-नाकातून पाणी वाहू लागलं किंवा चालताना तोल गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एरवी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर रविवारी पिल्लू एका टोपलीत बसवावं आणि आकडा लसीच्या कार्डामागे लिहावा. पहिल्या काही महिन्यांत आठवड्याला शंभरेक ग्रॅम वाढ अपेक्षित असते. सलग दोन रविवार काटा हलला नाही, तर ते कार्ड घेऊन पशुवैद्याकडे जावं.