हिवाळ्याची चाके

जर्मनीत हिवाळ्यात बर्फ पडतो. हवा ७ अंशांखाली गेली की साधा टायर कडक होतो, रस्ता धरत नाही. म्हणून तिथले लोक मोटारीला मऊ रबराचे टायर घालतात. दरसाल टायर उतरवायची कटकट नको, म्हणून पुष्कळजण चार जादा चाकेच ठेवतात.

पण कोणतेही चाक चालेल का? छे! आपल्या एका बैलगाडीचे चाक दुसरीच्या आखाला कुठे बसते?

पाच भोके दिसली म्हणून भुलू नये. भोकांचे वर्तुळ एका चाकात ११२ मिलिमीटर रुंद, दुसऱ्यात ११४.३. फरक ज्वारीच्या दाण्याएवढाही नाही. तरी बोल्ट तिरके बसतात, ढिले होतात आणि धावत्या गाडीचे चाक निखळते. मधले भोक मोठे असले तर चाक थरथरते.

जुनी चाके स्वस्त मिळतात खरी. आम्ही म्हणू, आधी चाकावर कोरलेले आकडे वाचा आणि गाडीच्या कागदांशी ताडून पाहा.