बिऱ्हाड हलविण्यापूर्वी हिशेब

कापसाची शेवटची वेचणी उरकली आणि तुरीची मळणी झाली, की बाभुळगाव तालुक्यातील पुष्कळ घरांत एकच विषय निघतो : आता पावसाळ्यापर्यंत कसे निभवावे? कोरडवाहू वावरात तेव्हापासून जून महिन्यापर्यंत मजुरी फार थोडी. अशा वेळी पिंपरी-चिंचवड, चाकण किंवा रांजणगाव येथील कारखान्यांत गेलेला कोणी सोयरा निरोप पाठवितो की, "इकडे महिन्याला पंधरा हजार मिळतात, मुलाबाळांना घेऊन निघून या." धामणगावास आगगाडीत बसले म्हणजे एका दिवसात पुणे गाठता येते. जाणे सोपे झाले आहे खरे. परंतु जाऊन टिकणे सोपे झाले आहे, असे मात्र नाही.

कोणास गावी थोपवून धरावे अथवा कोणास शहराकडे लोटावे, असा या पाठाचा हेतू नाही. बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याचा व त्याच्या खर्चाच्या हिशेबाचा दाखला वाचकांस ठाऊकच आहे. तोच हिशेब बिऱ्हाड हलविणाऱ्याने कसा मांडावा, एवढेच येथे पाहावयाचे आहे. उपदेशकांनी हा पाठ संध्याकाळी वाचून दाखवावा. आणि ज्या घरी निघण्याची तयारी चालली असेल, त्या घरी बसून पुढील आकडे कागदावर मांडण्यास साह्य करावे.

१. सांगितलेला पगार व हाती पडणारा पगार

निरोपात जो आकडा येतो तो बहुधा सांगितलेला पगार असतो. समजा, मूळ पगार व महागाईभत्ता मिळून पंधरा हजार रुपये ठरले आहेत. जेथे वीस किंवा अधिक लोक कामावर असतात, तेथे भविष्यनिर्वाह निधीसाठी शेकडा १२ प्रमाणे १,८०० रुपये कापले जातात. कामगार विमा योजना लागू असल्यास शेकडा पाऊण टक्का, म्हणजे ११३ रुपये, जातात. महाराष्ट्रात दरमहा दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषास व्यवसाय कर २०० रुपये पडतो, आणि फेब्रुवारीत ३००. (स्त्रियांस पंचवीस हजारांपर्यंत हा कर माफ आहे.) ही वजावट केली म्हणजे हाती १२,८८७ रुपये राहतात.

यांपैकी निधीचे पैसे बुडत नाहीत. ते आपल्याच नावे साठतात, व मालकालाही त्यात आपली भर घालावी लागते. विम्याच्या वर्गणीमुळे कामगाराला व त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतो. म्हणून ही कपात टाळून "सगळे पैसे रोख देतो" असे सांगणाऱ्या कंत्राटदारावर भुलू नये. निधीचा क्रमांक लिहून जपून ठेवावा. कारखाना बदलला तरी तोच क्रमांक पुढे चालतो. परंतु महिन्याचा घरखर्च मांडताना १५,००० धरावयाचे नसून १२,८८७ धरावयाचे, हे विसरू नये.

२. गावी जे मोजले जात नाही

शहराचा पगार व गावची मजुरी यांची तुलना करताना आपल्या लोकांची एक मोठी चूक होते. गावी जे विकत घ्यावे लागत नाही, ते हिशेबातच येत नाही. घर स्वतःचे, मग ते मातीचे का असेना. त्याचे भाडे नाही. चुलीस पऱ्हाटी व तुराट्या वावरातून येतात. ज्वारी व तुरीची डाळ घरची, निदान काही महिन्यांपुरती तरी असते. धाकट्या मुलांस आजी सांभाळते, म्हणून सून वेचणीला व निंदणीला जाऊ शकते. अडीनडीस शेजारी पायली-दोन पायल्या धान्य उसने देतो. गावच्या दुकानदाराजवळ उधारी चालते, कारण तो आपल्या बापालाही ओळखत होता.

शहरात पाऊल ठेवताच या प्रत्येक गोष्टीची किंमत रोख मोजावी लागते. आणि सर्वांत मोठी तूट ही की, मुलांजवळ बसणारे कोणी नसल्यामुळे बायकोची मजुरी बंद पडते. दोघांच्या कमाईवर चालणारे घर एकाच्या कमाईवर येते, आणि तेही अधिक महाग गावी.

केंद्र सरकारने २०२३-२४ साली केलेल्या घरखर्चाच्या पाहणीत, सरकारी योजनांतून फुकट मिळालेल्या वस्तू वगळून, देशातील खेड्यांत दरमहा दरमाणशी सरासरी खर्च ४,१२२ रुपये व शहरांत ६,९९६ रुपये आढळला. म्हणजे खेड्यात जेथे दहा रुपये खर्च होतात, तेथे शहरात सुमारे सतरा होतात. या सरासरीत श्रीमंतही आले, व शहरात श्रीमंत अधिक. म्हणून गरिबाच्या घरचा आकडा याहून पुष्कळ खाली असणार. तथापि खर्च कोणत्या बाजूस झुकतो, ते यावरून कळते.

३. एका घराचा हिशेब

एक घर डोळ्यांसमोर आणू. नवरा, बायको, दोन शाळकरी मुले व म्हातारी आई. दोघांची मजुरी व थोडे वावर मिळून वर्षाचे सरासरीने दरमहा दहा हजार रोख येतात, व नऊ हजार खर्च होतात. शिल्लक एक हजार. आता आईला गावी ठेवून चौघे चाकणला गेले, असे समजू.

खोलीचे भाडे ५,०००, वीज व पाणी ७००, गॅस ९००, किराणा, भाजी व दूध ५,५००, जाण्यायेण्याचे १,०००, मुलांच्या वह्या व कपडे ६००, टेलिफोनचे ४००, आईस पाठवावयाचे १,०००. बेरीज १५,१००. हाती येणारे १२,८८७. दरमहा तूट २,२१३ रुपयांची, म्हणजे वर्षाची २६,५५६ रुपयांची.

हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे तेथील माणसास विचारून घालावे. परंतु त्यांतून निघणारा धडा ध्यानात घ्यावा. पगार दहा हजारांचा पंधरा हजार झाला, आणि एक हजाराच्या शिलकीच्या जागी दोन हजारांची तूट आली. ही तूट पहिल्या महिन्यात दिसत नाही, कारण निघताना विकलेल्या बकरीचे किंवा कापसाचे पैसे जवळ असतात. ती चौथ्या-पाचव्या महिन्यात दिसते; तेव्हा सावकाराला निरोप जातो, आणि वावर गहाण पडते. म्हणून पगार किती हे न विचारता महिनाअखेर शिल्लक किती राहील, हेच विचारून निघावे.

४. प्रथम एकाने जावे

मग गरिबाने शहरास जाऊच नये काय? तसे नाही. या बाबतीत आपल्याच प्रांतात जुना अनुभव आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभारली. त्यानंतर रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इत्यादी भागांतून लोक गिरणगावात येत राहिले. त्यांपैकी पुष्कळांनी बायकामुले गावीच ठेवली. एकाच गावचे लोक मिळून एक खोली घेत, पाळीपाळीने झोपत, आणि खानावळीत जेवत. या खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांचेच पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. हे जिणे सुखाचे नव्हते. वर्षानुवर्षे कुटुंब दुभंगलेले राही, हा त्यातील मोठा दोष होता. परंतु त्यातील एक शहाणपण घेण्यासारखे आहे : संपूर्ण घर एकदम उचलले नाही, तर पहिल्या धक्क्याने ते मोडत नाही.

वरील घराचा हिशेब या रीतीने मांडू. नवरा एकटा गेला. चौघांत मिळून घेतलेल्या खोलीचा त्याचा वाटा १,५००, खानावळ ३,०००, वीज २००, जाण्यायेण्याचे १,०००, टेलिफोन ४००, एकूण ६,१००. उरले ६,७८७. त्यांतून ५,००० घरी पाठविले, तरी १,७८७ शिल्लक राहते. बायकोची मजुरी चालू आहे, आजी मुलांजवळ आहे, शाळा मोडली नाही. वर्षाच्या शेवटी २१,००० रुपयांवर रक्कम जमते. तीच खोलीच्या अनामतीस व सामान नेण्यास उपयोगी पडेल.

या वर्षाला मुदत असावी. ती अंगवळणी पडून दहा वर्षांची होऊ नये. वर्षभरात तीन गोष्टी साधल्या म्हणजे कुटुंबाने निघावे. पहिली, काम टिकाऊ आहे अशी खात्री. दुसरी, शाळेजवळ परवडेलशी खोली. तिसरी, बायकोसाठी ठरलेले काम, व त्या वेळात मुलांकडे पाहणारे कोणी विश्वासू माणूस. तिला दरमहा सहा हजार मिळाले, तर वरील २,२१३ च्या तुटीच्या जागी ३,७८७ रुपयांची शिल्लक येते. म्हणून या निर्णयात तिचे मत शेवटी नव्हे, प्रथम विचारावे.

५. निघण्यापूर्वीचे कागद

जातीचा, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला बाभुळगावास तहसील कचेरीतून अगोदरच काढून घ्यावा. शहरातून त्यासाठी परत येण्यात मजुरी व गाडीभाडे दोन्ही जातात. सातबाराचा उतारा, आधारपत्र व बँकेचे पुस्तक यांच्या नकला एक संच गावी व एक जवळ ठेवाव्या.

राशनपत्रिका रद्द करण्याची घाई करू नये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांस दरमाणशी दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबांस दर कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. ते आता अंगठ्याची ओळख पटवून दुसऱ्या गावच्या रास्त भावाच्या दुकानातूनही घेता येते. कुटुंब दोन ठिकाणी असेल, तर काही धान्य शहरात व उरलेले गावी घेण्याची सोय आहे.

मुलांविषयी विशेष सांगावयाचे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास एका शाळेतून दुसऱ्या सरकारी अथवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यावयाचा असतो. आणि दाखला येण्यास उशीर झाला, म्हणून नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. तेव्हा "दाखला आल्यावर पाहू" म्हणून मूल घरी बसवू नये. चार महिने घरी बसलेली मुलगी धाकट्या भावंडास सांभाळू लागते, आणि मग ती शाळेत परत जाणे कठीण होते.

६. खोलीचा करार

अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, असा समज सर्वत्र आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाड्याचा अथवा परवान्याचा करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, शर्तींविषयी भाडेकऱ्याचेच म्हणणे खरे धरले जाते. लहान खोलीचा मालक पुष्कळदा लेखी काही देत नाही. अशा वेळी निदान अनामत व भाडे बँकेमार्फत द्यावे, म्हणजे पुरावा राहतो. अनामत परत केव्हा व किती मिळावयाची, हे पैसे देण्यापूर्वी बोलून घ्यावे.

७. परतीची वाट मोडू नये

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुष्कळांचे काम पुन्हा मिळालेच नाही. ज्यांचे गावी घर व थोडी जमीन होती, त्यांस तेथे जाऊन दोन घास खाता आले. ज्यांनी सर्व विकले होते, त्यांस ती जागाही नव्हती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी पुकारली गेली, तेव्हाही शहरातील मजूर पायी आपल्या गावाकडेच निघाले. शहर काम देते. परंतु काम थांबले म्हणजे भाडे थांबत नाही.

यास्तव पहिली दोन वर्षे घर व वावर विकू नये. वावर पडीक ठेवण्यापेक्षा ठराविक मुदतीने, लेखी करून, भावाला अथवा शेजाऱ्याला वाहण्यास द्यावे. घराचे छप्पर दर पावसाळ्यापूर्वी पाहून घ्यावे. आणि जे कुटुंब परत येईल, त्यास गावकऱ्यांनी हसू नये. लोक हसतील या भीतीने कर्ज काढून शहरात राहणारी घरे थोडी नाहीत. परत येणाऱ्यास निमूटपणे काम व शेजार देणे, हे मंडळीचे कर्तव्य आहे.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या घरी पैसे न देता मिळणाऱ्या वस्तू कोणत्या? शहरात त्यांना दरमहा किती पडेल?
२. सांगितलेल्या पगारातून कोणत्या रकमा वजा होतात? त्यांतील कोणती आपल्याच नावे साठते?
३. घरातील कोणी एकाने प्रथम जावयाचे ठरल्यास कोणी जावे, व किती मुदतीसाठी?
४. म्हाताऱ्या आईबापांजवळ कोण राहील? त्यांस हे विचारले आहे काय?
५. आपल्या गावातून गेलेल्या कुटुंबांपैकी कोणाचे पत्र अथवा निरोप बरेच दिवसांत आलेला नाही? त्यांची विचारपूस कोण करील?