जोत्याची भरणी : दबाईच्या तपासणीला किती पैसे बाजूला ठेवावेत?

१,००० चौरस फुटांच्या घराचे जोते दोन फूट भरायचे, तर दबाई झाल्यावर आत २० ब्रास मुरूम बसतो. सैल मुरूम त्यासाठी पंचवीसच्या आसपास मागवावा लागतो. बऱ्याच ठिकाणी तो एकदाच ओततात, दोन दिवस पाणी सोडतात आणि वर कोबा करून मोकळे होतात. हे चालवून घेऊ नका. पाणी सोडून वाळू बसते. मातीचा अंश असलेला मुरूम वरून बसल्यासारखा दिसतो आणि खाली पोकळ राहतो.

मुरूम कोरडा असला तर दबत नाही, फार ओला असला तरी नाही. मधे कुठेतरी नेमके पाणी असते. ते शोधायची चाचणी लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातले अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ साली मातीच्या धरणांसाठी मांडली. आपल्याकडे ती आयएस २७२०च्या भाग ७ (हलकी) आणि भाग ८ (भारी) प्रमाणे होते. हलकीत २.६ किलोचा ठोकळा ३१ सेंटिमीटरवरून पडतो, भारीत ४.९ किलोचा ४५ सेंटिमीटरवरून. घराच्या जोत्याला सहसा हलकी पुरते. लॅबने ‘९५ टक्के’ लिहून दिले, तर कुठल्या चाचणीच्या ९५ टक्के, हे विचाराच. तोच मुरूम हलकीत पास आणि भारीत नापास होऊ शकतो.

दुसरी चाचणी जागेवरची. मुरुमात खडे असतात, म्हणून कोअर कटरऐवजी वाळू भरून घनता काढायची पद्धत (भाग २८) मागा. दबलेल्या थरात त्याच्या जाडीएवढा खोल खड्डा करतात, निघालेला मुरूम तोलतात आणि ठरावीक घनतेची वाळू ओतून खड्ड्याचे घनफळ काढतात. समजा ओली घनता १.९८ आली आणि ओलावा १० टक्के; कोरडी घनता झाली १.८०. लॅबमधली कमाल २.०० असेल, तर दबाई ९० टक्केच. हाच भराव पुढे ९५ टक्क्यांपर्यंत बसला, तर दोन फुटांमागे सव्वा इंचाच्या आसपास खचतो. फरशी पोकळ वाजायला आणि तडकायला तेवढे पुरते.

आता खर्च. दर गावागणिक बदलतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. एनएबीएल मान्यता असलेल्या खासगी लॅबबरोबर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातही चौकशी करा. हिशेब असा मांडा : प्रॉक्टर २,००० रुपये, दोन फेऱ्यांचे ४,०००, दर फेरीला तीन खड्डे म्हणजे सहा खड्ड्यांचे ६०० प्रमाणे ३,६००. झाले ९,६००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ११,३२८. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या लॅबचे दर त्यात घाला. फेरीचे पैसे वेगळे आहेत का, हे आधी विचारा. लॅब दूर असेल तर चाचणीपेक्षा प्रवासच महाग पडतो. उलट फरशी, चिकटवणी आणि मजुरी मिळून चौरस फुटाला १०० रुपये धरले, तरी ती उखडून पुन्हा बसवायला लाखावर जातात.

पैसे वाचवायचे तर फेऱ्या कमी करा, प्रॉक्टर नको असे म्हणू नका. त्याच्याशिवाय जागेवरच्या आकड्याला अर्थ नाही. मुरुमाची खाण बदलली तर प्रॉक्टर पुन्हा. भरणी १५ सेंटिमीटरच्या थरांनी करून घ्या, म्हणजे दोन फुटांचे चार थर. पहिली फेरी दुसऱ्या थरावर ठेवा, दुसरी शेवटच्या थरावर, कोब्याच्या आधी. खड्डे कुठे घ्यायचे ते तुम्ही दाखवा : भिंतीच्या कडेला, कोपऱ्यात, ड्रेनेजच्या पाइपावर. प्लेट कॉम्पॅक्टर मधोमध छान फिरतो, कडेला पोचत नाही. तिथे हाताने धुम्मस लागते आणि नेमकी तीच टाळली जाते.

काळी माती भरणीला अजिबात घेऊ नका, फुकट मिळाली तरी. आणि ठेकेदाराच्या करारात दोन ओळी घाला : अहवाल आल्याशिवाय भरणीचे बिल निघणार नाही, आणि थर नापास झाला तर पुन्हा दबाई व पुन्हा तपासणी त्याच्या खर्चाने.